चार दिवस समुद्रकाठी : कुटुंबाची सहल कशी आखावी



लागण, खोडवा, खते, हुमणी आणि ठिबक यांवर आपल्या वार्तापत्रात दर अंकात काही ना काही येतच असते. या वेळी विषय वेगळा आहे. गेल्या गट मेळाव्यात चर्चा संपत आली असता मागच्या रांगेतून एक भगिनी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उसाचं सगळं छापता, ते चांगलंच आहे. पर आमच्या पोरांनी अजून दर्या बघितला न्हाई. घाट उतरला की दर्या. कधी जायचं, कसं जायचं, ते बी एकदा छापा की!" मंडपात हशा पिकला, पण घरी परतताना आमच्या लक्षात आले की प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोल्हापूरपासून मालवण दीडशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी सातला निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला समुद्रकाठी पोचतो. असे असून आपल्या कार्यक्षेत्रात पन्नाशी उलटलेली पुष्कळ माणसे अशी आहेत, की ज्यांनी पंढरी पाहिली, जोतिबा आणि बाळूमामा दरसाल केले, पण समुद्र पाहिला नाही. बायाबापड्यांत तर हे प्रमाण अधिक.

अडचण पैशाची असते तशीच वेळेची असते. ऊस म्हणजे बारा महिन्यांचा पाहुणा, त्याला सोडून जाता येत नाही. म्हणून पहिला विचार वेळेचा.

कधी जावे

हवेच्या दृष्टीने विचाराल तर कोकणपट्टीत दिवाळीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. ऊन स्वच्छ असते, रात्री गार असतात, समुद्र त्या मानाने शांत असतो. मार्चपासून हवेत दमटपणा वाढू लागतो. एप्रिल-मे महिन्यात तापमापकाचा आकडा आपल्याकडच्यापेक्षा कमीच दिसेल, तेहतीस-चौतीस अंश. पण घाम वाळत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या अडतीसपेक्षा तो चौतीस जास्त जाचतो. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस कोकणात उतरतो. त्यानंतर किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद, पाण्यातले खेळ बंद, आणि जून-जुलैत यांत्रिक मासेमारीलाही बंदी. तेव्हा पावसाळ्यात समुद्र लांबून बघावा, त्यासाठी मुद्दाम सहल काढू नये.

आता आपले वेळापत्रक. दिवाळीची सुट्टी आणि गळीत हंगामाची सुरुवात एकाच वेळी येते. ज्याचा आडसाली ऊस पहिल्या महिन्यात तुटायचा आहे त्याने दिवाळीत गाव सोडूच नये. तोडचिठ्ठी कधी येईल याचा नेम नसतो, आणि टोळी फडात उभी असताना मालक तारकर्लीला असला, तर वाढ्यापासून वजनापर्यंत सगळेच परक्याच्या हाती जाते. ज्याचा ऊस डिसेंबर-जानेवारीत गेला, त्याने आधी खोडव्याचे काम उरकावे. पाचट सरीत बसवणे, बुडखे छाटणे, खताचा पहिला हप्ता आणि पाणी एवढे झाले की पुढच्या पाण्यापर्यंत आठ-दहा दिवस हातात असतात. त्यातले चार दिवस काढता येतात. शाळेचे दोन दिवस बुडतील. समुद्र पाहण्यासाठी चौथीतल्या पोराचे दोन दिवस बुडाले तर फार बिघडत नाही, असे आमचे मत आहे. दहावी-बारावीचे पोर घरात असेल तर मात्र गप्प मे महिना बघावा.

मे महिन्यात शाळा नाही, कारखाना बंद, लग्ने मात्र असतात. शिवाय सुरू उसाची भरणी याच सुमारास येते आणि उन्हाळी पाणी आठ-दहा दिवसांनी द्यावेच लागते. येथे आम्ही एक साधी गोष्ट सुचवतो. उन्हाळ्यात धरणातला साठा बघून नदीवर उपसाबंदी लागते, तिचे वेळापत्रक पाटबंधारे खाते आधी जाहीर करते. उपसाबंदीत मोटार चालणारच नाही. नदीकाठच्या स्कीमवाल्यांनी मग घरी बसून नदीकडे बघत बसण्यापेक्षा बंदीच्या आधी भरपूर पाणी पाजून त्या दिवसांत बाहेर पडावे. ज्यांची विहीर आहे त्यांना हे लागू नाही. त्यांनी भावकीत किंवा शेजाऱ्याशी पैरा करावा. भांगलणीला पैरा चालतो तसा सहलीलाही चालतो : या आठवड्यात त्यांनी आमचे पाणी आणि धारा बघायच्या, पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांच्या. म्हशीचा प्रश्न पाण्यापेक्षा अवघड. काही म्हशी परका हात लावून घेत नाहीत. अशी म्हैस असेल तर धार काढणाऱ्याला निघण्याआधी चार-पाच दिवस तुमच्याबरोबर गोठ्यात उभे करावे आणि शेवटचे दोन दिवस त्यालाच काढू द्यावे. संघाच्या डेअरीत दुधाचे माप कोणाच्या नावावर घालायचे तेही सांगून ठेवावे, नाहीतर परत आल्यावर भांडण ठरलेले.

पैसे कोठून

पीककर्ज सहलीला वापरू नये, हे सांगण्याची खरे तर गरज नसावी. पण मे महिन्यात सोसायटीचे पैसे हातात पडले की मोह होतो, म्हणून सांगितले. ज्यांना चार दिवसांचा खर्च एकदम झेपत नाही त्यांच्यासाठी घरातल्या बायकांची भिशी हा चांगला मार्ग. दुधाच्या पगारातून दर दहा दिवसांनी थोडे-थोडे बाजूला पडले तर वर्षभरात ही रक्कम साठते आणि उसाच्या बिलाला हात लावावा लागत नाही. शिवाय, पैसे बायकांच्या भिशीचे असले म्हणजे कोठे जायचे ते ठरवण्यात बायकांचा शब्द राहतो. आम्हांला हे फायद्याचे वाटते. पुरुष मंडळींनी ठरवलेल्या कित्येक सहलींत बायका तिकडे जाऊनही स्टोव्हवर भाकरीच थापत बसल्या, हे आम्ही पाहिले आहे. पीठ, तेल, मीठ, तवा, परात सगळे टेंपोत घालून न्यायचे आणि समुद्रकाठी चूल मांडायची, ही सहल पुरुषांची होते. बाईचे फक्त स्वयंपाकघर बदलते. चार दिवसांतली निदान सहा जेवणे तरी तिने आयते ताट समोर घेऊन जेवावीत, असा हिशोब सुरुवातीलाच धरावा. खर्च वाढतो हे खरे. मग दिवस चाराचे तीन करावेत.

वाहनावर मोठा पैसा जातो. एस.टी.ने जाणाऱ्यांना दोन सवलती लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला, आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांनाही निम्मेच. सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे, आणि वयाचा पुरावा म्हणून ओळखपत्र लागते. आजी, आई, मावशी अशा बायका जास्त असलेल्या कुटुंबाला एस.टी. फारच परवडते.

पिकअप किंवा छोट्या हत्तीच्या हौद्यात ताडपत्री टाकून माणसे नेण्याची आपल्याकडे सवय आहे. जोतिबाच्या यात्रेला चालते म्हणून घाटातही चालेल असे धरू नये. मालवाहू गाडीत माणसे बसवणे बेकायदा आहे, आणि दुर्दैवाने काही घडले तर विमा कंपनी भरपाई नाकारायला मोकळी होते. प्रवासी परवान्याची गाडी थोडी महाग पडते, ती महागच करावी.

कोणत्या वाटेने

करवीर-पन्हाळ्याकडच्यांना गगनबावडा जवळ. तेथून वाट दुभंगते. करूळ घाट वैभववाडीला उतरतो, भुईबावडा घाट खारेपाटणच्या बाजूला. वैभववाडी, तळेरे, कणकवली, कसाल आणि तेथून उजवीकडे मालवण. राधानगरीकडच्यांना दाजीपूरवरून फोंडा घाट सोयीचा, तोही कणकवलीजवळ उतरतो. गडहिंग्लज-आजऱ्याकडच्यांनी आंबोलीने सावंतवाडीला उतरावे. वारणाकाठच्यांना आंबा घाटातून रत्नागिरी आणि गणपतीपुळे जवळ पडते. घाटांत दरडीमुळे किंवा रस्त्याच्या कामामुळे अधूनमधून वाहतूक बंद असते, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करावी.

उतारावर ड्रायव्हरने गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवू नये, खालच्या गिअरमध्येच उतरावी. भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या आपल्या ड्रायव्हरांना हे शिकवायला नको, पण सहलीच्या मूडमध्ये माणूस विसरतो. पोरांना घाट लागतो. निघताना त्यांना पोटभर पोहे-चहा देऊ नये, थोडी भाकरी आणि आल्याची वडी पुरे.

मुक्काम

मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ले या पट्ट्यात घरगुती मुक्कामाची सोय पुष्कळ झाली आहे. घरमालकच खोल्या देतात आणि जेवणही तेच करतात. मोठ्या हॉटेलपेक्षा आपल्या माणसांना हे मानवते. फोनवर ठरवताना भाडे विचारतोच, पण पुढच्या गोष्टीही विचाराव्यात. म्हाताऱ्या माणसांसाठी खोली तळमजल्यावर आहे का. संडास खोलीला लागून आहे का आणि कमोडचा आहे का, कारण गुडघे धरलेल्या आजीला मांडी घालून बसता येत नाही. मे महिन्यात विहिरीला पाणी असते का. पोरांसाठी जादा गादीचे वेगळे पैसे आहेत का. आणि घरात माळकरी असतील तर त्यांचे जेवण वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या हाताने होईल का. मालवणी मुलखातले यजमान स्वतः सोमवार-एकादशी पाळणारे असतात, त्यांना हे सांगितले की चटकन समजते. न सांगता गेलात आणि ताटाशेजारी बांगडा तळलेला निघाला तर आजोबा चार दिवस केळ्यांवर काढतील आणि सगळ्यांचे तोंड कडू होईल. तसेच खाणाऱ्यांनी आपले वार बघून जावे. शनिवार, सोमवार, गुरुवार पाळणाऱ्या घराने शनिवारी निघून सोमवारी परत यायचे ठरवले तर तीन दिवसांत माशाला एकच रविवार सापडतो.

समुद्र म्हणजे विहीर नव्हे

आता मुख्य मुद्दा. हा मुद्दा वाचला नाही तर बाकीचा लेख वाचून उपयोग नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाच्या घरची आणि त्यांच्या मेहुण्यांच्या घरची मिळून चौदा माणसे कोकणात गेली. दिवस पौर्णिमेचा होता. जेवण करून दुपारी दोनच्या सुमारास सगळी किनाऱ्यावर आली. बरोबर पंधरा-सोळा वर्षांची चार पोरे. चौघेही पट्टीचे पोहणारे : पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेली, पुराच्या पाण्यात पुलावरून उड्या टाकणारी. कंबरभर पाण्यात खेळता-खेळता एकजण जरा बाजूला सरकला. तेथे लाटा फुटत नव्हत्या, पाणी सपाट दिसत होते, म्हणून त्याला ती जागा बरी वाटली. पाच मिनिटांत तो किनाऱ्यापासून इतका लांब गेला की हाक ऐकू येईना. तो जीव तोडून किनाऱ्याकडे हात मारत होता आणि जागचा हलत नव्हता. चुलता कपड्यांनिशी धावला, त्याला दोघांनी धरून ठेवले. जाळे वाळवत बसलेल्या एका म्हाताऱ्या रापणकऱ्याने हे बघितले. त्याने ओरडून, हात हलवून पोराला आडवे पोहायची खूण केली आणि लहान होडी पाण्यात लोटली. पोरगा वाचला. आज तो शेती बघतो, पण पायाचा घोटा बुडेल एवढ्या पाण्यातही तो पुन्हा गेलेला नाही. त्या दिवशी सगळ्यांचे चेहरे कसे झाले होते ते आम्ही येथे लिहीत नाही.

तेथे काय झाले ते नीट समजून घेतले पाहिजे. लाटा पाणी किनाऱ्याकडे ढकलतात. ते पाणी परत जायला वाट शोधते आणि वाळूतल्या खोलगट पट्ट्यातून, ओढ्यासारखे, जोराने आत जाते. तेथे पाणी खोल असल्यामुळे लाट फुटत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत पट्टा असे दिसते. नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते, आणि तीच सर्वांत घातक असते. ओहोटी चालू असताना हा ओढा आणखी जोर धरतो. त्यात सापडलेल्याने किनाऱ्याकडे पोहू नये. पाटाच्या उलट पोहल्यासारखे ते होते, दम संपतो आणि माणूस बुडतो. पाणी आपल्याला खाली ओढत नसते, आत नेत असते, एवढे ध्यानात ठेवून पाठीवर तरंगावे, हात वर करून बोलवावे, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर, म्हणजे आडवे पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडावे. पट्टा फार रुंद नसतो. बाहेर आल्यावर लाटाच किनाऱ्याला आणतात. काठावरच्यांनी पाण्यात उडी टाकू नये. एकाला वाचवायला गेलेले दोघे गेले, अशा बातम्या दरवर्षी वाचतो. दोर, रिकामा झाकणाचा कॅन, गाडीची हवा भरलेली ट्यूब, जे तरंगते ते फेकावे, जीवरक्षकाला किंवा मच्छीमारांना बोलवावे आणि ११२ ला फोन लावावा. आमची सूचना अशी की सहलीच्या सामानात पाच लिटरचा रिकामा कॅन आणि वीस-पंचवीस हात दोर घालाच. दोन्ही आपल्या घरात पडून असतात.

भरती-ओहोटीचा हिशोब आपल्या लोकांना अवघड नाही, कारण तो तिथीवर चालतो. कोकणातला जुना ठोकताळा असा : तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे, म्हणजे त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण आणि बारा वाजता पूर्ण ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधरा पाऊण सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराला भरती पूर्ण, तेथून पाचपर्यंत ओहोटी. आमची पोरे दोन वाजता पाण्यात होती, हे आता लक्षात येईल. गावागावांत अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, तेव्हा पक्की वेळ तेथील मच्छीमाराला विचारावी. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे दोन-तीन दिवस उधाण असते, पाणी फार चढते आणि फार उतरते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाणी मवाळ. लहान पोरे असलेल्यांनी सहलीची तारीख ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरात सप्तमी ते दशमी बघावी. मुहूर्त बघतो तसा हा समुद्राचा मुहूर्त.

पाण्यात उतरायचे तर सकाळी, भरती चढत असताना, गुडघ्याच्या वर नाही, आणि मोठ्या माणसाचा हात धरून. काठावर एक माणूस कायम कोरडा उभा असावा, त्याने मोबाईलवर फोटो काढत बसू नये. दारू घेतलेल्या माणसाला पाण्यात सोडू नये, मग तो घरचा कर्ता का असेना. गणपतीपुळ्याचा किनारा एकदम खोल होतो, तेथे दर्शन घ्यावे आणि पाय भिजवून परत फिरावे. बोटीत बसताना जाकीट अंगात घालून बंद आवळावे, मांडीवर धरून बसू नये, आणि नावाडी जादा माणसे भरत असेल तर खुशाल उतरून पुढच्या होडीची वाट बघावी. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, ही गोष्ट जुनी झालेली नाही.

ऊन आणि पाणी

"आम्ही आयुष्यभर उन्हात आहोत, आम्हांला काय ऊन दाखवता?" असे सभासद म्हणतील. खरे आहे. पण फडात तुम्ही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला टॉवेल बांधून असता. किनाऱ्यावर तोच माणूस उघडा बसतो आणि वाळूवरून, पाण्यावरून परतलेले ऊन खालूनही लागते. पाण्यात असताना ते जाणवत नाही, रात्री पाठ भाजून निघते. अकरा ते साडेतीन सावलीत राहावे. पोरांना पातळ सुती पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टोपी. घामातून मीठ जाते. पोर मलूल झाले, लघवी गडद पिवळी झाली किंवा पोट बिघडले, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, आणि ते थोडे-थोडे पाजत राहावे. साखर आपल्या सभासद कार्डावरचीच न्या. अंग तापलेले, घाम बंद आणि बोलणे असंबद्ध असेल तर ते उष्माघाताचे लक्षण आहे. ओल्या फडक्याने अंग पुसत लगेच १०८ ला फोन करावा. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या मोजून, दोन दिवसांच्या जादा, हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, मोठ्या बॅगेत नव्हे.

काय बघावे

सगळे बघायचा हट्ट धरू नये. रोज एक मोठी जागा पुरे, बाकी वेळ पोरांना वाळूत खेळू द्यावे.

सिंधुदुर्ग किल्ला मात्र चुकवू नये. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी मालवणच्या कुरटे बेटावर याची पायाभरणी केली आणि तीन वर्षांत हा जलदुर्ग उभा राहिला. मालवणच्या धक्क्यावरून होडीने पंधरा-वीस मिनिटे. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे, छत्रपती राजाराम महाराजांनी बांधवलेले. पण आपल्या शेतकऱ्याने बघावी ती दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. चारी बाजूंना खारे पाणी आणि मध्ये या तीन विहिरींना गोडे पाणी. साखरबाव म्हटल्यावर आमच्या बरोबरचे एक संचालक म्हणाले, "म्हणजे इथंबी रिकव्हरी चांगली दिसतीय." होडी शेवटची किती वाजता परतते ते उतरतानाच विचारून घ्यावे.

मालवणहून आत धामापूरचा तलाव आहे. १५३० साली गावकऱ्यांनी बांधलेला हा मातीचा बांध आजही पाणी धरून आहे. जागतिक वारसा सिंचन-स्थळ म्हणून २०२० साली त्याची नोंद झाली. काठावर भगवती देवीचे मंदिर, भोवती दाट झाडी. दुपारच्या उन्हात बसायला याहून गार जागा त्या भागात आम्हांला दिसली नाही. पाणीपुरवठा संस्थांच्या पंचमंडळींनी तर मुद्दाम जावे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. बघायला अपूर्व, पण नदीच्या मुखाशी ओढ फार, तेथे पाण्यात उतरायचे नाही.

वेंगुर्ल्याला प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे. काजूच्या 'वेंगुर्ला' नावाच्या जाती तेथल्याच. चंदगड-आजऱ्याकडे काजू करणाऱ्या सभासदांनी अर्धा दिवस राखून ठेवावा, रविवारी मात्र जाऊ नये. शिरोडे येथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच गावच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ पर्यंत शिक्षक होते, तेथून ते आपल्या कोल्हापुरात आले. पोरांना पाठ्यपुस्तकातले नाव तेथे नेऊन दाखवता येते. सावंतवाडीत लाकडी खेळणी घ्यावीत, ती टिकतात.

येताना

किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत गाडी घालू नये. भरती चढली की चाके रुततात, आणि मग काढायला ट्रॅक्टर शोधावा लागतो. दारात दोन ट्रॅक्टर असलेल्या माणसाला तेथे परक्याच्या ट्रॅक्टरसाठी हात जोडताना आम्ही पाहिले आहे. घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी, नाहीतर खारट वाऱ्याने पत्रा खातो.

निघण्यापूर्वी गट ऑफिसमध्ये चिटबॉयला आपला नंबर आणि मागे राहणाऱ्या माणसाचा नंबर, दोन्ही लिहून द्यावेत. देवबागच्या बाजूला काही ठिकाणी रेंज मिळत नाही. हंगाम चालू असेल तर हे विसरू नये.

आणायचे म्हणाल तर आमसुले, काजू आणि मे महिन्यात हापूस. हापूस पेटीत वरचा थर बघून घेऊ नये, खालचाही उघडून बघावा. आणि पोरांसाठी मालवणी खाजे : बेसनाच्या कांड्या, आले घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवलेल्या. गूळ कोठला असे आम्ही दुकानदाराला विचारले, तर तो म्हणाला, "कोल्हापूरचो, आणखी खयचो!" पुडे घट्ट बांधून घ्यावेत आणि घरी आल्यावर डब्यात भरावेत, हवा लागली की ते मऊ पडतात.